झावळ्यांच्या आदल्या रात्री

टेम्पो आला तेव्हा साडेसात वाजले होते,
क्वार्टर गेटची रहदारी देवळाच्या फाटकात अर्धी शिरलेली.
ओल्या गोणपाटात तीनशे झावळ्या
आणि प्रत्येकीच्या देठाला एक जांभळी फीत.
"रंग मुद्दाम तुमच्या उपासकाळाचा घेतलाय, मॅडम,"
टेम्पोसोबतचा मुलगा म्हणाला,
"साहेबांनी कुणाला तरी विचारून घेतला."

फितीवर साहेबांचं नाव नव्हतं.
फक्त चिन्ह, शिडी, तांदळाएवढी.
याकोबाच्या स्वप्नातली म्हणा,
किंवा आमच्या प्रभागातली.

पाळकसाहेब दवाखान्यात, म्हणून चिठ्ठीही माझ्याच हातात आली.
उद्याच्या प्रार्थनेत एक ओळ घालायची, नाव न घेता:
आमच्यासाठी जो उभा आहे, प्रभू, त्याला यश दे.
बदल्यात काही नाही.
म्हणजे, दफनभूमीला दोन एकर,
कोंढव्याच्या पलीकडे, कुंपणासकट.

आता इथे खोटं बोलून चालणार नाही.
एलिशाला आम्ही त्याच्या वडिलांच्या कबरीतच ठेवला,
चौदा वर्षांनी माती उघडून, पेटीवर पेटी.
वर तिसरी बसत नाही, असं खणणाऱ्याने
मला न विचारताच सांगितलं.

सैतानाने त्याला उंच डोंगरावर नेलं,
जगातली सगळी राज्यं आणि त्यांचं वैभव दाखवलं.
मला कुणी पर्वतीवरसुद्धा नेलं नाही.
सहा बाय तीन दाखवलं, मातीचं,
आणि माझे गुडघे
वाकायच्या तयारीत होते.

दिवा लावून वेस्ट्रीत बसले.
कात्री होती. पण गाठी नखांनीच सोडवल्या,
फीत साटीनची होती, आणि मिशनच्या बोर्डिंगात वाढलेल्या बायका
चांगली फीत कापत नाहीत.
सत्तावीस गाठी सुटल्या असतील,
तेव्हा माझ्या तोंडून निघालंच:
येऊ दे रे तो निवडून.
हळू म्हणाले, दुकानदाराला बाजूला घेऊन
जुनी ओळख सांगावी, तसं.
उत्तर आलं नाही. बाहेर
कुणाच्या तरी वरातीचा जनरेटर धडधडत होता.

शिष्यांना सांगितलं होतं, कुणी हटकलं तर म्हणा,
प्रभूला ह्याची गरज आहे.
शिंगराची. गाढवाच्या.
एक विहिरीवरची तहान सोडली
तर सबंध शुभवर्तमानात त्याने मागितलेलं असं
मला दुसरं फारसं आठवेना,
आणि तेही लगेच परत पाठवायच्या बोलीवर.
आणि आम्ही?
आम्ही त्यालाच दाराशी खुंट्याला बांधून ठेवलाय,
कुणाला गरज लागेल म्हणून.
मतांच्या दिवसांत साहेब सोडून नेतात,
एरवी मी.

अडीच वाजता फिती मोजल्या.
दोनशे नव्व्याण्णव.

सकाळी मिरवणूक निघाली, होसान्ना, होसान्ना,
रणनवरे गुरुजी नेहमीप्रमाणे अर्धा सूर पुढे,
चहाच्या टपरीवरचे दोघं कप हातात धरून उभे राहिले.
मग प्रार्थना. आजाऱ्यांसाठी. परीक्षेला बसलेल्यांसाठी.
चिठ्ठीतल्या त्या ओळीपाशी मी आले
आणि थांबले.
किती वेळ, ते सांगता येणार नाही.
पंख्याचा आवाज येत होता.
लोकांना वाटलं, संपलं.
म्हणाले, आमेन.

साहेबांचा माणूस मागच्या बाकावर होता,
तोही म्हणाला, जरा मोठ्याने.
कशाला, ते देवच जाणे.

उपासना सुटल्यावर अंगणात
उजगऱ्यांची धाकटी, रिबेका, झावळी नाचवत पळत होती,
देठाला जांभळी फीत फडफडत.
तिला बोलवावं असं वाटलं. बोलावलं नाही.

अंधारात एखादी गाठ राहून गेली असेल.
पण मी अठरा वर्षं खजिनदार आहे,
पैशाचीसुद्धा चूक
माझ्या हातून कधी झालेली नाही.