छेदात शून्य

इदलहोंडच्या शाळेला रॅम्प आला
त्या वर्षी आम्ही दहावीत.
कंत्राटदाराचा माणूस सिमेंट ओतून, फोटो काढून
दुपारच्या खानापूर गाडीनं गेलासुद्धा.
बिलावर कन्नडमध्ये होतं: इळिजारु.
आमच्या गणिताच्या पुस्तकात: चढ.
हेडसर दोन्ही समोर धरून उभे,
सही कशावर करावी या विचारात.
सातेरी गुरव खुर्चीतून म्हणाला,
"आत जाताना चढ, घरी जाताना इळिजारु.
दोन्ही बरोबर हाय सर.
पण मी जाऊ कसा?"

कारण चाकं निम्म्यावरच थांबायची.
मागून मी, दात-ओठ खाऊन ढकलणारा,
माझी चप्पल उलटी घसरत यायची.
अजून कुणी चढ म्हटलं
की सूत्राआधी पोटऱ्या आठवतात.

देसूरकर बाईंनी तास बाहेरच घेतला.
सुताराकडची टेप, भिंतीला टेकवलेली काठी,
आणि कोळशानं फरशीवर दोन फुल्या.
"तळाचा बिंदू शून्य, शून्य. वरचा सांगा."
आडवं सहा फूट, उभं दोन.
मी वरची वजाबाकी एका टोकाकडनं केली,
खालची दुसऱ्या.
उत्तर: उणे एक तृतीयांश.
बाई म्हणाल्या, "तुझा सातेरी जमिनीत गेला की रे!
कुठल्याबी टोकाकडनं सुरू कर, चालतंय.
पण वर जिथनं सुरू केलास
तिथनंच खाली कर."

सातेरी सगळ्यात मोठ्यानं हसला.

एक तृतीयांश.
हवा होता एक बारांश.
दोन फूट चढायला चोवीस फूट जमीन.
आणि दारापासून सरळ बारा फुटांवर
बोअरचा पंप, बायकांच्या घागरी.

मग तोपाण्णा गवंडी, सातेरीचा मामा,
रविवारी आला. पैसे विचारले नाहीत,
चहात साखर कमी म्हणून मात्र कुरकुरला.
जांभ्याचे चिरे, फुटक्या कौलांचा चुरा,
बारा फुटांवर एक फूट,
तिथं काटकोनात वळण,
पुढं पुन्हा बारा, पुन्हा एक.
बाईंनी वहीत तीन बिंदू मांडून दाखवले:
वाट मोडली,
चढ मोडला नाही.

सोमवारी प्रार्थनेआधी सातेरी निघाला.
कुणी हात लावायचा नाही, असं त्यानंच बजावलेलं.
वळणावर थांबला, हात पुसले,
पंपावरची घागर भरून वाहत राहिली
आणि कुणी उचलली नाही.

वर पोचला तो. दारापर्यंत.

दाराला उंबरठा होता.
तीन इंच, सागवानी, हळदीकुंकवाचा.
कुणीच मोजला नव्हता.
बाई खाली वाकल्या, पुटपुटल्या,
"एक्स तोच, वाय वेगळा. छेदात शून्य."
असल्या रेषेचा चढ निघत नाही,
हे आम्हाला पुढच्या आठवड्यात शिकवायचं होतं.

सातेरीनं मागं वळून बघितलं.
"आता लाव की हात," म्हणाला.
मी पुढची चाकं उचलली.