तीन किलो

काट्याच्या पोटात एक स्क्रू असतो.
तो अर्धा पीळ फिरवला
की सदुसष्टचं पोतं चौसष्ट भरतं.
हे मला कुणी शिकवलं नाही.
काटा हाती आला की बोटांना आपसूक येतं.

अकरा हंगाम मी कोकोच्या बिया तोलल्या,
सेफ्वीच्या रानात, पत्र्याच्या शेडखाली.
हरमाटान वाहू लागला की ओठ उलायचे,
वाळवंटाची धूळ दातांत करकरायची,
आणि मी माणसांच्या पासबुकात
वळणदार आकडे लिहायचो.
रविवारी हेच हात
देवळात दानाची थैली फिरवायचे.

प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री
पाळक सांगतात, दिवा घेऊन आत जा.
मी जायचो.
उंबऱ्यापाशीच थबकून यादी करायचो:
बायकोवर ओरडलो, एकदा ताडी जास्त झाली,
मेव्हण्याच्या नव्या मोटारसायकलीकडे नीट बघवलं नाही.
पापं खरीच होती, पण सगळी चिल्लर.
मोठी नोट पायमोज्यात दडवलेली.
देवासमोरही तोच स्क्रू, तोच अर्धा पीळ.
मग रडू यायचं.
ते रडू खोटं होतं असं नाही म्हणत मी.
हलकं होतं.

यंदा काय घडलं? तसं काही नाही.
तपासनीस आला नाही, स्वप्न पडलं नाही.
माझा धाकटा खेळता खेळता काट्यावर चढला
आणि ओरडला, बाबा,
दवाखान्यात मी जास्त भरलो होतो!

अडोम त्याचं नाव. आमच्या भाषेत, कृपा.
ठेवलं मीच. दिवसातून वीसदा हाक मारतो.
त्या दिवशी तोंडातून निघेना.

मामे दुफिए चटईवर बिया उलटत होती.
मी उभ्या उभ्या सांगून टाकलं:
पोत्यामागे तीन किलो, अकरा हंगाम.
ठाऊक आहे, ती म्हणाली. हात थांबला नाही.
पहिल्या वर्षापासून.
मापात पाप करणारा काट्याकडे बघत नाही रे,
समोरच्याच्या तोंडाकडे बघतो.
मग पैसे कधी देणार ते विचारलं, तारखेसकट.
माफ केलं वगैरे काही बोलली नाही.
कोयत्याने एक फळ फोडलं
आणि पांढऱ्या गराचा गोळा
माझ्या ओंजळीत ठेवला.

बिया चोखत मी तिथेच खाली बसलो.
अकरा हंगाम,
आणि वाळण्याआधी, तोलण्याआधी
हे इतकं गोड असतं
हे विसरून गेलो होतो.

अजून एकोणीस घरं उरलीत.
सगळीकडे असं होणार नाही.
परवा एकाने कुत्रं सोडलं अंगावर,
एकाने पैसे घेतले आणि दार लावलं.
बरोबरच आहे. शेडचे पत्रे विकायला काढलेत.

आज भाकर पुढे आली,
तुकडा बोटाच्या पेराएवढा.
जन्माची सवय, मनात म्हटलं, चार ग्रॅम, फार तर पाच.
मग हात पुढे केला,
शेडसमोरच्या रांगेतली माणसं करायची तसा,
पासबुक उघडं धरून,
पलीकडचा काय लिहील ते न वाचता.