चुक्याचं सूप

लिएपायात मे महिना अजून स्वेटर घालूनच फिरतो.
समुद्रावरचा वारा खिडकीच्या फटीत येऊन बसलाय,
पाहुण्यासारखा, हात चोळत.

विनेता दवाखान्यात आहे, तिसऱ्या खेपेला.
आणि मी, तिची थोरली बहीण झायगा,
बावीस वर्षं ट्राम चालवलेली,
गावातल्या एकाच मार्गावरून जायचं आणि त्याच मार्गावरून परत यायचं,
आज तिच्या स्वयंपाकघरात उभी आहे.
इथे रूळ नाहीत. घंटीचं बटणही नाही.
दोन मुलं आहेत आणि एक मोठं पातेलं.

माटीस तीन वर्षांचा. तो बटाट्यांना नावं ठेवतोय:
हा काका, हा जाड काका,
हा डोळे असलेला, पण तो झोपलाय.
दार्ता सहाची. ती मला नावं ठेवतेय.
"आई जव आदल्या रात्री भिजवते."
मी भिजवलेले नाहीत.
"आई गाजर असं नाही चिरत. असं."
बरं बाई, असं.
"आणि एप्रन कुठाय?"
एप्रन तिच्या आईचा आहे.
तो मी खुंटीवरून काढत नाही.

मागच्या अंगणात, लाकडांच्या ढिगाशेजारी,
चुका वाढलाय, कोणी न विचारता.
माटीस एक पान तोडतो, दोन खातो.
तोंड असं आंबट करतो
की कुंपणापलीकडून बघणारी शेजारीण हसते,
मग तिसरं खातो, तेच तोंड पुन्हा करून दाखवायला.
टोपलीत दहा पानं, त्याच्या मुठीत शेपू,
माझ्या कोटाच्या खिशात मातीसकट
काय काय, ते नंतर कळेल.

धुणं हे एक वेगळंच प्रकरण.
पाणी परातीत कमी, मोज्यांत जास्त.
तरी पानं स्वच्छ होतात.
मी मीठ घालते. माझ्या पाठीमागे दार्ता मीठ घालते.
माटीस मीठ घालत नाही, तो पातेल्याला सांगतो,
"अजून थोडं मीठ," आणि आम्ही दोघी
एकमेकींकडे बघतो. मग मी अजून दोन बटाटे सोलते.
काकाचे दोन भाऊ, म्हणतो तो.

जव शिजायला उशीर लावतात, भिजवलेले नसल्यामुळे.
दार्ता काही बोलत नाही. बोलण्याची गरजच नसते.

मग पानं टाकायची वेळ येते.
दार्ताला मी हत्यारांच्या पेटीवर उभं करते,
तिच्या कमरेला घट्ट धरून.
हिरवंगार पान वाफेत पडतं
आणि बघता बघता
जुन्या शिपाई-कोटासारखं खाकी होतं.
"बिघडवलंस तू!"
तिचा ओठ थरथरतो.
"आईचं असं नसतं."

असंच असतं गं.
इतकी वर्षं सूप तुझ्यापुढे आलं ते ताटलीत,
वर दाट साय, अर्धं अंडं, शेपूची चिमूट,
पातेल्याच्या आत डोकवायला
तू कधी इतकी उंच नव्हतीस.
हे मी म्हणत नाही.
मी म्हणते, "अंडी सोल बघू."
ती सोलते. टरफलाबरोबर निम्मा पांढराही जातो.
सूर्य शिल्लक राहतो, जरा दबलेला.

टेबलाला बसल्यावर कोणी बोलत नाही.
माटीस चमच्याने ताटलीचा तळ शोधतोय.
फोन मी बाजूला उलटा ठेवलाय,
तो वाजला तर वाजेल.
दार्ता पहिला घोट घेते,
वासरासारखी सावध,
मग दुसरा.
"आईपेक्षा वाईट आहे," ती म्हणते
आणि रिकामी ताटली पुढे करते.

मी वाढते. हात थोडा हलतो,
थोडं सांडतं मेणकापडावर.
"जाड काका सापडला!" माटीस ओरडतो,
आणि त्याला खावं की नाही
या विचारात
चमचा तोंडापाशी थांबवून
कितीतरी वेळ बसून राहतो.