गिलावा

तिकीटघरातल्या बाईने आधी बाबांकडे पाहिलं, मग काठीकडे,
म्हणाली, वरचे जिने फार उभे आहेत हो.
बाबा म्हणाले, ठाऊक आहे,
तुमच्या जन्माआधीपासून ठाऊक आहे.
आणि दाराजवळच्याच बाकावर बसले, पाइनच्या सावलीत,
मांडीवर भाताचा डबा.

मी बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातले
आणि पिशवी छातीशी धरून आत गेले,
आगंतुक पाहुण्याने भेटवस्तू धरावी तशी.

काम एकच होतं.
पाचवा मजला, उत्तरेची बाजू,
वळचणीखाली डाव्या कोपऱ्यात
एक अंगठा.
शोवाचं चौतिसावं वर्ष, बाबा एकोणीस वर्षांचे,
ओल्या गिलाव्यात दाबलेला, मेस्त्रीची नजर चुकवून.

कुरामोची मेस्त्री म्हणायचे,
गवंड्याने भिंतीवर काही ठेवायचं नसतं.
रात्रीतून दंव पडावं
तशी ती आपोआप झालेली वाटली पाहिजे.

बाबा घरी यायच्या आधी त्यांचा वास यायचा.
चुना, तागाचे धागे,
आणि चुन्यात घालायला शिजवलेलं समुद्री शेवाळ.
आई दारातच त्यांचे कपडे उतरवून घ्यायची.
मला वाटायचं, बाबा समुद्रावर कामाला जातात.
आमच्या या डोंगरातल्या गावात
समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो
त्यांच्या कोपरांवर, वाळून पांढरा झालेला.

पहिल्या मजल्यावर भाल्यांच्या खुंट्या, भाले नाहीत.
दुसऱ्यावर बाण सोडायच्या फटी.
तिथले वाटाडे मोरिवाकी-सान, निवृत्त पोस्टमन,
दिलगिरी व्यक्त करावी तसे म्हणाले,
इथे लढाई कधी झालीच नाही.
या फटींतून वारा आला आत,
आणि एकदा वटवाघूळ.
तिसऱ्यावर अंधार.
पुढे जिना कसला, शिडीच ती,
मोज्यांनी घासून घासून काचेसारखी झालेली.
माझ्यापुढे एका शाळकरी मुलाची टाच,
मोज्याला भोक.
त्या भोकावर नजर ठेवून मी चढले.

पाचव्या मजल्यावर खिडकीला जाड लाकडी गज.
डोकं बाहेर जाईना.
फोन धरलेला हात तेवढा काढला
आणि न बघता फोटो काढत सुटले.
पांढरं. पांढरं. माझंच बोट. पांढरं.
मोरिवाकी-सान धापा टाकत वर आले, विचारलं काय शोधताय.
सांगितलं.
ते बराच वेळ गप्प, मग म्हणाले,
ही बाजू अकरा वर्षांपूर्वी खरवडून नवी केली.
सगळी?
सगळी. आतल्या बांबूंपर्यंत.

उतरताना भिंतीकडे तोंड करून उतरावं लागतं, उलटं.
चौथ्यावर ठरवलं, सांगायचं, दिसला नाही.
तिसऱ्यावर, अंधारात, ठरवलं, सांगायचं, दिसला.
दुसऱ्यावर काहीच ठरेना.

बाबांनी माझ्यासाठी अर्धा डबा ठेवला होता.
मी फोन पुढे केला, त्यांनी घेतला नाही.
कोपरे कसे काढलेत?
सुतासारखे, मी म्हटलं.
तडा?
नाही.
उत्तरेला सुकायला वेळ लागतो, ते म्हणाले,
घाई केली नाही म्हणजे. बरा होता कुणीतरी.
अंगठ्याला चिकटलेलं शीत त्यांनी ओठांनी टिपलं.
बाबा, तो अंगठा...
तो? तो मेस्त्रीने त्याच संध्याकाळी बुजवायला लावला.
माझ्याकडूनच.
वर तीन थर दिले चुन्याचे.

मग मला कशाला पाठवलंत?

डब्याचं झाकण नीट बसेना.
त्यांनी ते फिरवून पाहिलं, पुन्हा फिरवलं.
वरून आपलं घर दिसायचं, म्हणाले,
आता मध्ये ते हॉस्पिटल झालंय.
दिसलं का?

मी पाहिलंच नव्हतं.
बूट अजून पिशवीतच होते.