विंधन क्रमांक तीन

आडेखोलच्या सड्यावर जांभा सात मीटर.
खाली शेड, जांभळट, नखाने खरवडली तर निघणारी.
तिच्याखाली फिलाइट, पान उलटावं तसा पदर सुटणारा,
आणि फिलाइटात तिरकी घुसलेली गारेची शीर:
दरडीत हातभर, पुढे बोटभर, वहाळाकडे केसाएवढी,
वहाळापलीकडे नाही.
शिरेत शिसं. शिशात रुपं.
एवढाच साठा. बाकी फाइल.

फाइलचं पहिलं पान एकोणीसशे नऊचं.
हॅलोवे साहेबाने लिहिलंय: दरडीत चांदीची पुरातन खोदकामं,
खड्डे बारा, राख, मळी.
स्थानिकांना यांचा इतिहास ठाऊक नाही.
स्थानिकांना विचारलं होतं का,
ते पानावर नाही.

मग चौसष्ट साल. बैलगाडीतून चढवलेलं ड्रिल,
जॉर्जकुट्टी ड्रिलर, हाताखाली गावातले चौघे.
पहिलं विंधन कोरडं.
दुसऱ्यात रॉड अडकले, ते अजून तिथेच आहेत, बावीस मीटरवर.
तिसऱ्यात, अठ्ठेचाळीसपासून पुढे अर्धा मीटर, चकाकी.
त्या रात्री छावणीत काय झालं, रोजमेळ सांगतो:
कोंबडी एक, चार रुपये.
पृथक्करण दोन महिन्यांनी आलं.
टनाला त्रेचाळीस ग्रॅम.
त्यानंतर कोंबडीची नोंद नाही.

मला पाठवलं ते फाइल मिटवायला.
शेडमधल्या पेट्या वाळवीने खाल्लेल्या,
दगड तेवढे शिल्लक, आकडे गेलेले.
बाहेर पोरं लगोरी खेळत होती
गाभ्याच्या गोल चकत्यांची,
खोलीच्या क्रमाने नव्हे, जाडीच्या.
मी उभी राहून पाहिलं. सगळ्यात वर
अठ्ठेचाळीस मीटरवरची असावी. चेंडू लागला.

शेवंती कोयंडेने चहा दिला.
"काय गावला?"
थोडं.
"थोडा म्हणजे?"
मी तिच्या पायांकडे पाहिलं आणि हिशेब सांगितला:
जोडव्यांचा एक जोड म्हणजे अडीचशे किलो डोंगर.
ती पायांकडे पाहत राहिली. बोटांवर नुसते पांढरे वळ.
"म्हणानच जड लागायची," म्हणाली,
आणि कपबशी उचलून आत गेली.

बाहेर आली ती तिच्या सासऱ्याची पाग घेऊन.
घेराला शिशाच्या गोळ्या, बोराएवढ्या, काळ्या.
ह्यो तुमचो खड्डो, म्हणाली.
करवंटीचा कोळसा, मातीची मूस, दरडीतला जड दगड.
आठ पिढ्या इथे पागा ओवल्या, आणि बारा खड्डे त्यासाठीच.
रुपं त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही.
रुप्याने पाग बुडत नाही लवकर, परवडतही नाही,
शिशाने दोन्ही जमतं.

मी एक गोळी मागितली. तिने दाताने दोरा तोडला.

ही नोंद कुठल्याच तक्त्यात नाही, म्हणून इथे:
नमुना, पागेचं वजन, एक.
चांदी, टनाला सहाशे दहा.
आडेखोलच्या ठेव्यातली सगळ्यात श्रीमंत जागा
रोज ओहोटीला खाडीच्या तोंडाशी फेकली जात होती
आणि ओढून परत आणली जात होती, बहुतेक वेळा.
उरलेली चिखलात आहे.
तिथे विंधन घेता येत नाही.

अहवालाला शेवटचा रकाना असतो. मी लिहिलं:
पुढील काम सुचवत नाही.
सही केली. फीत बांधली.

मग आषाढात तिचा निरोप आला, पोस्टमनच्या तोंडून:
गोळी धाडून द्या, त्या जागी घेर उचलतो,
मासळी तिथूनच निसटते.

प्रयोगशाळेत नमुना आधी तीव्र आम्लात विरघळवतात.
परत द्यायला काही उरत नाही.
हे तिला कोणत्या शब्दांत कळवायचं,
याचा छापील नमुना कचेरीत नाही.