हंगाम

रेने गावात उतरले तेव्हा माझ्या वहीत
तीन रकाने आखलेले होते:
वारा, बर्फ, गर्दी.
बारा महिन्यांना मी गुण दिले होते,
शाळेत तेहतीस वर्षं दिले तसेच, अर्ध्या गुणाचीही कुचराई न करता.
मुर्दाद पहिला आला होता.
दमावंद खिडकीत उभा होता,
निकालाशी काही देणंघेणं नसलेल्या मुलासारखा.

मधाच्या दुकानातली माहलका म्हणाली,
खोरदादमध्ये यायचं होतंस गं,
सगळा उतार रानखसखशीने लाल पेटतो.
वर कशाला जायचं मग?
डोंगरच उतरून येतो फुलांपर्यंत.

तिचा भाचा फरामर्झ मोबाइलवर
वाऱ्याचे बाण दाखवत होता:
शुक्रवार सोडून कुठलाही दिवस चालेल.
शुक्रवारी अख्खं तेहरान वर चढतं,
टोपी उडाली तर कुणाच्या तरी डोक्यावरच पडते.

आणि हिवाळा?
माहलकाने बरणीचं झाकण
काढलं, लावलं,
पुन्हा काढलं.

राहता राहिला हैबतुल्ला खेचरवाला.
डाव्या हाताला तीनच बोटं,
तेवढ्यांनी तो बोजा आवळत होता.
मी मोडक्या फारसीत विचारलं, चांगला... चांगला...
शब्द सापडेना, तेव्हा आपलाच पुढे केला:
हंगाम?

तो थबकला. मग दात दिसले.
शब्द त्याचाच निघाला.
आमच्याकडे तो आंब्याचा असतो, ज्वारीचा, लग्नांचा,
महिनोन्‌महिने पाय पसरून बसतो.
कधीकाळी घोड्यावरून आला
आणि आमच्या उन्हात ऐसपैस झाला.
इथे मात्र अजून मुठीएवढाच आहे:
हंगाम म्हणजे वेळ.
अमुक घटका. आली, गेली.

माझ्या भावाला बहमन महिन्यात
एक दुपार मिळाली होती, तो म्हणाला,
काचेसारखी.
दोन पोरं वर अडकली होती, ती आणली त्याने खाली.
तिसऱ्यासाठी परत गेला.
एवढं बोलून गाठ ओढली, दातांनी.

माझी वही त्याने उलटी धरली, सुलटी धरली.
आभाळाकडे पाहिलंच नाही.
माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं.

मुर्दादची अकरावी. रात्री तीनला निघालो,
खेचर खालच्या तळावर ठेवून.
पहाट निवांत, वारा नाही, गर्दी नाही,
माझे सगळे गुण बरोबर.
शिखर तासाभरावर राहिलं असेल,
आणि गंधकाच्या धुराने कूस बदलली.
पिवळा, घशात सुरी फिरवणारा.
फरामर्झ म्हणाला, थोडंच राहिलंय.
मी म्हणाले, थोडंच.
हैबतुल्लाने तीन बोटं माझ्या खांद्यावर ठेवली:
बस.

हाही शब्द दोघांचा.
एवढ्या वाटचालीत
त्याचा अर्थ मात्र तिळभर सरकलेला नाही.

उतरताना मी रडले, थोडं धुराने.
माहलकाच्या उतारावर लाल काहीच नव्हतं,
नुसती वाळकी बोंडं,
पाय लागला की खुळखुळणारी.
एक फोडलं.
काळे दाणे वहीत सांडले,
कुठल्या रकान्यात ते पाहिलं नाही.