महत्त्वाचं म्हणजे

लाईट गेली की आमच्या गल्लीत दोन गोष्टी होतात.
खाली आठ माग एकदम गप्प बसतात
आणि वरच्या खोलीत यादगिरी कोंगारी बोलायला लागतो.

खटखटीत त्याला रेकॉर्डिंग जमत नाही.
अंधाराची वाट बघत बसतो बिचारा,
मोबाईल डब्याला टेकवून.
डबा शेंगाचटणीचा. चटणी आमच्या घरची.
दोन लाख चाळीस हजार माणसं त्याला ऐकतात म्हणे, आवडीनं.
मी ऐकतो, कारण मधे नुसता पत्रा आहे.

"मित्रांनो, जी गोष्ट एका पिक्चरात संपते
ती गोष्टच नव्हे, तो अपघात.
खरा कथाकार दार उघडं ठेवतो.
हिरो मेला? मरू द्या, चौथ्या भागात जुळा भाऊ आहे.
खलनायक जळाला? राखेत एक बोट हललं पाहिजे.
आणि नावं पडायला लागल्यावर जो उठून गेला
तो प्रेक्षक नव्हे, पाहुणा."

मागच्या महिन्यात एका पिक्चरला त्यानं शून्य तारे दिले.
गुन्हा काय, तर शेवट होता.
बाई नवऱ्याला शोधत फिरते, नवरा सापडतो,
दोघं टपरीवर चहा पितात. संपलं.
हा कडाडला, "त्या चहावाल्याची पूर्वकथा कुठाय?"
अशोक चौकातला रेवणसिद्ध चहावाला
त्यानंतर दोन दिवस ताठ चालत होता.

काय बे यादगिरी, काय बोलालास?
मग शेजारची नरसव्वा अडाणीच की,
हजार विड्या झाल्या की सूप बाजूला ठेवते.
तिनं हजाराव्या विडीचा धागा लोंबता सोडावा
आणि मुकादमाला सांगावं, गाठ पुढच्या हप्त्यात.
गड्ड्याच्या जत्रेत आकाशपाळणा वर नेऊन थांबवावा,
खालून ओरडावं,
उतरायचं पुढच्या संक्रांतीला!

हसू नका. त्यानं हे घरभाड्यातही आणलंय.
जानेवारीचं मागितलं तर म्हणाला,
"काका, फेब्रुवारीत खुलासा आहे."
फेब्रुवारीत म्हणाला, "मार्चमध्ये दोन्ही कथानकं एकत्र येतील."
मार्चमध्ये एकटं वीजबिल आलं.

आता मी तरी कोण मोठा लागून गेलो?
एकतीस वर्षं जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडतोय.
पुठ्ठ्यांची माळ, शेवटचा पहिल्याला शिवलेला,
फिरतेय आपली. मोर, वेल, मोर, वेल.
माझा मोर कितव्या भागात आहे, मलाच ठाऊक नाही.
मेला नाही, म्हातारा झाला नाही, पिसारा मिटला नाही.
हे यादगिरीला मी सांगितलेलं नाही.
सांगितलं असतं तर पुढच्या अंधारात
माझं उदाहरण झालं असतं.

पण मोर कितीही फिरो, नव्वद इंचांवर कात्री येते.
कापल्याशिवाय चादर होत नाही, नुसता ढीग होतो.
टोकांना गाठी, मग घडी, मग गठ्ठा,
आणि कुठल्या तरी लांबच्या गावात, कुठल्या तरी थंडीत
कुणीतरी ती पायापासून डोक्यावर ओढतो.
पुरते त्याला.
खाली दडलेलं बोट वगैरे शोधत बसत नाही तो, झोपतो.

एकदा हे सगळं त्याला सुनवायला जिना चढलो होतो.
अर्ध्यात थांबलो.
त्याचा बाप मल्लेशम, आमच्या चार नंबरच्या मागावरचा,
गेल्या आषाढात गेला.
तेरावा झाला तरी पोरगं
खोलीचं दार उघडं ठेवून झोपत होतं.
डास येतात म्हटलं, तर म्हणालं, असू द्या काका.

असू दे म्हटलं मीही.
भाडं तेवढं दे.

काल पुन्हा लाईट गेली.
"मित्रांनो, बाकी सगळं विसरा,
पण या मालिकेबद्दल सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे..."
खट.
लाईट आली.
आठही माग सुरू झाले.
महत्त्वाचं काय होतं,
ते आता पुढच्या लोडशेडिंगला.